‘नाइस’ म्हणजे एकेकाळी मूर्ख

चहा फक्कड जमला, कुणी नवा फोटो पाठवला, नवी शेजारीण बोलकी निघाली, की मराठी माणसाच्या तोंडूनही ‘नाइस’ निघून जातं. सातशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये मात्र हा शब्द ऐकून माणूस दुखावला असता. तेव्हा त्याचा अर्थ होता मूर्ख, अडाणी.

मूळ लॅटिनमधलं. ‘स्किरे’ म्हणजे जाणणं. त्याला नकार जोडून झाला ‘नेस्कियुस’, काही न जाणणारा. (‘सायन्स’ही याच ‘स्किरे’च्या कुळातला.) फ्रेंचमध्ये तो आखूड झाला आणि १३०० च्या सुमारास इंग्रजीत आला. चौदाव्या शतकातला कवी चॉसर तो मूर्खासाठीच वापरतो.

मूर्ख एका रात्रीत छान झाला नाही. मूर्खपणातून आधी छचोरपणा आला, पुढे लाजरेबुजरेपणा, मग चोखंदळपणा. चोखंदळ माणूस बारीकसारीक पाहतो, म्हणून सोळाव्या शतकात अचूक आणि काटेकोर हाही अर्थ चिकटला. बारकावे जाणणाऱ्याला रुची असते, आणि रुचीला उतरेल ते सुखावणारं. असं करत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आजचा अर्थ रुळला. मधल्या काळात हे सगळे अर्थ एकत्र नांदत होते, त्यामुळे त्या वेळच्या लेखनात एखादी स्त्री ‘नाइस’ म्हटली, तर ती लाजाळू की नखरेल, हे ठरवताना कोशकारही अडखळतात.

कादंबरीकार जेन ऑस्टिननं अर्थांची ही ओढाताण नेमकी पकडली. १८१७ च्या अखेरीस आलेल्या तिच्या ‘नॉर्थँगर ॲबी’ या कादंबरीत बाथ शहराजवळ फिरताना नायिका कॅथरीन एका पुस्तकाला ‘नाइस’ म्हणते. सोबत फिरणारा हेन्री तिला चिडवतो: नीटनेटकी म्हणायचंय का? मग ते पुस्तकाच्या बांधणीवर अवलंबून! हा शब्द आता कशालाही लावतात, ही त्याची तक्रार. त्याची बहीण एलिनॉर त्याच शब्दाच्या जुन्या अर्थानं त्याला गप्प करते: चोखंदळपणा फार, शहाणपण त्या मानानं कमी. एकाच पानावर शब्दाची दोन वयं भेटतात. इतका जिवंत पुरावा कोणत्याही कोशात सापडणार नाही.

मराठीला असा अर्थबदल नवा नाही. संस्कृतात ‘राग’ म्हणजे रंग, आसक्ती, प्रेम; आपण मात्र संतापलो की रागावतो. मनुस्मृतीतल्या अठरा व्यवहारपदांत, म्हणजे कज्ज्यांच्या प्रकारांत, ‘साहस’ येतं ते बळजोरीचा गुन्हा म्हणून. आज साहसाला शाबासकी मिळते.

इंग्रजीत जुना अर्थ अजून पुरता मेलेला नाही. दोन मुद्द्यांत ‘नाइस’ फरक आहे असं एखाद्या निकालपत्रात आलं, तर तो फरक केसाएवढा बारीक आहे असं समजायचं. त्यात कौतुक नसतं. स्पॅनिशमध्ये तर त्याच लॅटिन शब्दाचा वारस ‘नेसिओ’ आजही मूर्खालाच म्हणतात.