जेट स्की ॲव्हरेज किती देते?

घरी नवी स्कूटर आली, की आजोबांचा पहिला प्रश्न ठरलेला : “ॲव्हरेज किती देते?” तारकर्लीच्या किनाऱ्यावर जेट स्की चालवणाऱ्या दादाला हाच प्रश्न विचारलात, तर तो बहुतेक हसेल आणि म्हणेल, “किलोमीटरचं सोड रे, तासाला किती पिते ते विचार!”

त्याचंही खरंच आहे. जेट स्की एका जागेवरून निघते, चार गिरक्या घेते आणि परत तिथेच येते. म्हणून तिच्या पेट्रोलचा हिशोब ‘ताशी इतके लिटर’ असाच करतात. आपण मात्र आजोबांचा प्रश्न सोडायचा नाही, कारण त्याचं उत्तर भलतंच मजेशीर आहे. जेट स्कीचा एक मधलाच वेग असा असतो, की तो हळू जाण्यापेक्षा महाग पडतो आणि त्याहून जोरात जाण्यापेक्षाही महाग पडतो!

आधी ती पळते कशी ते बघू. तिच्या पोटाखाली एक जाळी असते. तिथून पाणी आत ओढलं जातं, इंजिनावर फिरणारा इम्पेलर नावाचा पंखा ते मागे रेटतो आणि मागच्या अरुंद तोंडातून ते जोरात बाहेर पडतं. पाणी मागे, आपण पुढे. न्यूटनचा तिसरा नियम! मागचं तोंड डावी-उजवीकडे वळतं आणि त्यामुळे गाडी वळते. म्हणजे रेस पूर्ण सोडून दिली, तर हँडल कितीही फिरवा, ती नाकासमोर सरळच जात राहते. समोर काही आलं की घाबरून रेस सोडणाऱ्या नवख्यांची इथेच फसगत होते.

आता कल्पनेत बसा सीटवर. लाइफ जॅकेटचे पट्टे घट्ट, चावीची दोरी मनगटाला. (पडलात तर दोरी निघते आणि इंजिन आपोआप बंद होतं.) हळूच रेस द्या. स्की पाणी कापत चालली आहे, पुढे एक छोटी लाट उठते आहे. वेग वाढला, की ही लाट लांब होत जाते. साधारण सव्वातीन मीटर लांबीच्या जेट स्कीने ताशी ८ किलोमीटर गाठले, की लाटही तिच्याएवढीच लांब होते : एक उंचवटा नाकाशी, दुसरा शेपटीशी.

अजून रेस द्या. आता लाट स्कीपेक्षा लांब झाली! मागचा उंचवटा निसटून मागे गेला, शेपटी खड्ड्यात बसली आणि नाक वर आलं. इतकं वर, की समोरचं नीट दिसतही नाही. इंजिन घुमतंय, मागे पाण्याचा ढीग उसळतोय, पण वेग काही फारसा वाढत नाही. आपणच केलेल्या लाटेवर आपण चढतोय, तोही अख्खा वेळ! पेट्रोल जातं ते त्या लाटा उठवण्यात.

बोट आणि लाट यांचं हे भांडण विल्यम फ्रूड या इंग्रज इंजिनिअरने फार चिकाटीने तपासलं. १८७२ च्या सुमारास त्याने टॉर्कीमध्ये सुमारे ८५ मीटर लांबीची पाण्याची टाकी बांधली आणि तिच्यात मेणाच्या छोट्या छोट्या बोटी ओढत बसला. मोठ्या माणसाने सरकारी पैशांनी खेळण्यातल्या बोटी ओढायच्या, किती छान काम! आजही नवीन जहाजाची छोटी प्रतिकृती अशाच टाक्यांमध्ये तपासतात.

परत स्कीवर या. रेस थोडी आणखी वाढवली, की गंमत होते. नाक धप्पकन खाली येतं, समोरचं पाणी दिसू लागतं, इंजिनाचा आवाज मोकळा होतो. चपटा दगड पाण्यावर टप्पे खात जातो ना, तशी स्की आता पाणी कापायचं सोडून त्याच्या वरून घसरू लागते. याला ‘प्लेनिंग’ म्हणतात. तळाचा थोडाच भाग पाण्याला टेकलेला असतो आणि पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन आहे, म्हणजे थोडा भाग सुटला तरी केवढी सुटका!

आकड्यांत बघू. हे आकडे कुठल्या खऱ्या मॉडेलचे नाहीत, हिशोब कळावा म्हणून घेतले आहेत. समजा ताशी ८ किलोमीटरला तासाला ४ लिटर लागले : लिटरमागे २ किलोमीटर. नाक वर करून ताशी १५ ने गेलात आणि १५ लिटर लागले : लिटरमागे फक्त १. घसरत ताशी ४५ ने गेलात, १८ लिटर लागले : अडीच किलोमीटर! तिप्पट वेग, आणि पेट्रोल जेमतेम ३ लिटर जास्त.

मग ताशी ९० ने गेलं तर ५ किलोमीटर मिळतील? छे! घसरतानाही पाणी तळाला घासतच असतं, आणि वेग वाढला की ते फार झपाट्याने जास्त अडवतं. आपल्या हिशोबात ६० लिटर धरू, म्हणजे लिटरमागे दीड. म्हणून जेट स्कीवर लांब जाणारे लोक पूर्ण रेस देत नाहीत. नाक खाली आलं, की त्याच्या थोडं वरचा वेग पकडतात आणि तोच धरून ठेवतात. तेही पाणी शांत असेल तर. लाटांवर उड्या मारत गेलात, तर दर उडीला जाळी पाण्याबाहेर येते, इम्पेलर हवा गिळतो आणि इंजिन नुसतंच किंचाळतं.

आता तुमची पाळी. सी-डू स्पार्क या छोट्या जेट स्कीच्या टाकीत ३० लिटर पेट्रोल मावतं. जाणकार लोक त्याचे तीन भाग करतात : एक जायला, एक यायला, एक अडीअडचणीला. आपल्या आकड्यांनी ताशी ४५ ने निघालात तर किनाऱ्यापासून किती लांब जाऊन परत येता येईल? ताशी ९० ने? आणि ताशी १५ ने, नाक आकाशात ठेवून?