पाणी कुठपर्यंत येणार?

काशीच्या संकठा घाटाच्या पायरीवर भाचा मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. त्याची तक्रार ऐकून मला हसू आलं. त्याचं जहाज बुडतच नव्हतं.

“मामा, कसंही काढलं तरी तरंगतं हे. मग बरोबर काढलंय हे कळणार कसं?”

तो ॲनिमेशन शिकतो. कॉलेजच्या प्रकल्पासाठी एका व्हिडिओ गेममध्ये त्याला अजिंठ्याच्या काळातलं जहाज घालायचं होतं. पडद्यावर देखणं जहाज डोलत होतं. दोन्ही बाजूंना खिळ्यांच्या ओळी होत्या आणि मागे सुकाणूचं गोल चाक. शेजारी एक नाव उलटी घालून तिचा मालक फळ्यांमधल्या भेगा भरत होता. त्यानं हात पुसले, वाकून पडद्याकडे पाहिलं आणि विचारलं, “इसका पानी कहाँ तक आएगा?”

भाच्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. पण हाच प्रश्न अलीकडे गोव्यात काही माणसांच्या मानगुटीवर बसला होता, एवढं मला ठाऊक होतं. तिथूनच मी त्याला गोष्ट सांगायला घेतली.

अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात पाचव्या शतकातलं एक जहाज रंगवलेलं आहे. तीन डोलकाठ्या, उंच शिडं, नाळेवर डोळा, मागच्या बाजूला रांजण. चित्रकाराला पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याच्या बौद्ध कथेतला समुद्रप्रवास दाखवायचा होता, जहाजाचा नकाशा नव्हे. पाण्याखालचा भाग त्यानं दाखवायचा तरी कशाला? जुलै २०२३ मध्ये संस्कृती मंत्रालय, नौदल आणि गोव्यातली होडी इनोव्हेशन्स ही कंपनी यांच्यात करार झाला. हे चित्र समुद्रावर उतरवायचं ठरलं. हातात आराखडा नव्हता आणि भग्न अवशेषही नव्हते.

ओमानमध्ये बांधलेल्या ‘ज्वेल ऑफ मस्कत’च्या वेळी निदान इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ सापडलेलं नवव्या शतकातलं बुडालेलं जहाज समोर होतं. इथे होती फक्त भिंत.

मग पहिला पेच. फळ्या जोडायच्या कशा? चित्रात ते दिसत नाही. उत्तर दुसरीकडून आलं. अरबी समुद्रावरची जुनी जहाजं शिवलेली असत. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात शिवलेल्या नावांचा उल्लेख येतो. प्रवासी इब्न बतूतानंही त्या पाहिल्या आणि कारण सांगितलं, की खिळ्यांचं जहाज खडकावर आदळलं तर फुटतं, दोरीनं शिवलेलं लवतं. आपल्याला मात्र शिवण म्हटलं की गोधडी आठवते, गलबत नाही.

१२ सप्टेंबर २०२३ रोजी जहाजाचा तळकणा बसला. केरळचे बाबू शंकरन हे मुख्य कारागीर. फळ्यांना वाफ देऊन वळण दिलं, कडेला कड लावून काथ्याच्या सुंभानं त्या शिवल्या आणि सांध्यांत काथ्या व राळ भरली. हजारो टाके, सगळे हातानं. भाचा इथे म्हणाला, “मी एक टाका काढून कॉपी-पेस्ट केला असता.” खरंच केला असता, आणि तिथेच त्याचं जहाज खोटं झालं असतं. खरी फळी प्रत्येक ठिकाणी वेगळी वळते, तिचा ताणही वेगळा असतो.

पण खरी धाकधूक नावाड्याच्या प्रश्नाचीच होती, म्हणजे जहाज पाण्यात किती बुडेल आणि कसं वागेल याची. चौकोनी शिडं आणि मागे सुकाणूची वल्ही, हा जोड आजच्या कुठल्याच नौदलाच्या सवयीचा नाही. असं जहाज चालवलेला माणूस शोधायचा कुठे? शेवटी आयआयटी मद्रासच्या सागरी अभियांत्रिकी विभागात प्रतिकृती करून पाण्याच्या चाचण्या घेतल्या गेल्या. लाकडी डोलकाठीचा हिशेब नौदलानं स्वतः केला. म्हणजे भाच्याच्या गेममध्ये जे राहून गेलं होतं, नेमकं तेच तिथे आधी केलं गेलं.

वजनाचा हिशेब चुकला की काय होतं, ते पाहायला आम्हाला लांब जावं लागलं नसतं. संकठा घाटाशेजारीच बायजाबाई शिंद्यांनी १८३०च्या सुमारास बांधवलेला घाट आहे. तो स्वतःच्याच भारानं खचला होता. आणि ती तर दगडी इमारत!

फेब्रुवारी २०२५ मध्ये जहाज पाण्यात उतरलं. २१ मे रोजी कारवारला ते नौदलात दाखल झालं. नाव ठेवलं ‘कौंडिण्य’, आग्नेय आशियात गेलेल्या दंतकथेतल्या भारतीय खलाशाचं. शिडांवर गंडभेरुंड आणि सूर्य, नाळेवर सिंहयाळी. इंजिन नाही. चौकोनी शीड वाऱ्याच्या तोंडावर फारसं चढत नाही, म्हणून वारा पाठीशी असेल तेव्हाच निघायचं. हिवाळ्यातला ईशान्य मोसमी वारा आपल्या किनाऱ्यावरून अरबस्तानाकडे वाहतो. २९ डिसेंबर २०२५ रोजी ‘कौंडिण्य’नं पोरबंदर सोडलं आणि १४ जानेवारी २०२६ रोजी ते मस्कतला पोचलं.

वाऱ्याचं हे बंधन गेममध्ये क्वचितच दिसतं. ‘एम्पायर: टोटल वॉर’ या २००९च्या गेममध्ये मराठ्यांच्या बाजूनं लढता येतं, हे भाच्यानंच मला सांगितलेलं. तिथे शिडाच्या जहाजाला वाऱ्याची दिशा पाहावी लागते, म्हणून तो गेम मला पटतो. बहुतेक गेममध्ये जहाज मोटारीसारखं वळतं.

भाच्यानं आधी चाक काढून टाकलं. सुकाणूचं चाक अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या आसपास आलं, अजिंठ्याच्या चित्रकाराला ते कुठून माहीत असणार? मग खिळे पुसले. मग त्यानं नावाड्याला हाक मारली, “भैया, मिल गया!”

‘कौंडिण्य’ १९.६ मीटर लांब आहे आणि ६.५ मीटर रुंद. पाणी येतं ३.३३ मीटरपर्यंत.