जुन्या डॉजला नवे इंजिन? आधी ब्रेक, आधी कागद

1940 च्या दशकाच्या अखेरीस कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात अमेरिकन डॉज, प्लिमथ जोडल्या जात. अशी चार दरवाजांची गाडी नवी मुंबईच्या गॅरेजात आली, की मालकाची फर्माईश एकच: दमदार इंजिन बसवा. आम्ही कापडवाले, जुन्या साडीला जरीचा जड काठ लावण्याआधी पोत तपासतो. 1950 च्या डॉजला ड्रम ब्रेक, वायरिंग 6 व्होल्टचे. म्हणून आधी डिस्क ब्रेक, 12 व्होल्टचे वायरिंग, मोठा रेडिएटर, इंजिन मागाहून.

कारागीर बंधूंनो, मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 नुसार आरटीओच्या मंजुरीविना भलतेच इंजिन बसवता येत नाही. शिवाय 2021 च्या नियमांप्रमाणे 50 वर्षांवरील गाडीची ‘व्हिंटेज’ नोंदणी मूळ इंजिन, चॅसिस, बॉडी शाबूत असेल तरच होते. बयाणा घेण्यापूर्वी आरसी बुक मागा, इंजिन नंबर जुळवा.