विवाहाचा पुरावा आणि पत्नीचे स्थान

विवाह हा समाजाच्या दृष्टीने संस्कार असतो, कायद्याच्या दृष्टीने ते एक नाते असते आणि परदेशात प्रवेश देणाऱ्या अधिकाऱ्याच्या दृष्टीने तो सिद्ध करावयाचा दावा असतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या तरुणाशी विवाह करून तेथील स्थायी निवासाचा हक्क, म्हणजेच ‘ग्रीन कार्ड’, मागणाऱ्या महाराष्ट्रातील मुलीला या तिसऱ्या अर्थाची खरी ओळख होते ती अर्जाच्या अखेरच्या टप्प्यात. पतीने तेथे केलेला मूळ अर्ज मंजूर झाल्याचे पत्र आले की घरात पेढे वाटले जातात. वस्तुतः त्या मंजुरीने केवळ नाते मान्य झालेले असते. प्रवेश मान्य व्हावयाचा असतो.

पती अमेरिकन नागरिक असल्यास पत्नीच्या व्हिसाला वार्षिक संख्येची मर्यादा नाही. तो केवळ ग्रीन कार्डधारक असेल तर मात्र ठराविक कोट्यातील आपला क्रमांक येईपर्यंत तिला थांबावे लागते. त्यानंतरची वाट दोघींची सारखीच. शुल्क भरणे, दाखले सादर करणे, पतीचे आर्थिक हमीपत्र जोडणे, नेमून दिलेल्या डॉक्टरांकडून वैद्यकीय तपासणी करून घेणे आणि शेवटी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकन वकिलातीत मुलाखतीस उभे राहणे. यांपैकी कोणतीही पायरी अवघड नाही. परंतु प्रत्येक पायरीवर कागद बोलतो, माणूस नव्हे.

आणि मराठी स्त्रीचा कागद अनेकदा एका सुरात बोलत नाही. जन्माच्या दाखल्यावर तिच्या नावापुढे वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव असते. लग्नानंतर वडिलांच्या जागी पती येतो, आडनाव बदलते आणि काही घरांत ताटातील तांदळात अंगठीने लिहिलेले नवे नाव मूळ नावाचीही जागा घेते. पदवीचे प्रमाणपत्र एका नावाचे, पारपत्र दुसऱ्या नावाचे आणि बँकेचे पुस्तक तिसऱ्याच नावाचे, असा प्रकार मग घडतो. या तिन्ही स्त्रिया एकच आहेत हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्थातच तिच्यावर येते. ज्या पुरुषाच्या नावासाठी हा बदल झाला, त्याचे सर्व दाखले मात्र जन्मापासून एकाच नावाचे असतात.

या कागदांच्या गठ्ठ्यात एक कागद असा आहे की ज्याकडे वधूपक्षाचे लक्ष क्वचितच जाते. तो म्हणजे पतीचे हमीपत्र. १९९६ च्या कायद्याने या हमीपत्राला न्यायालयात बजावता येण्याजोग्या कराराचे स्वरूप दिले. पत्नीचे उत्पन्न तेथील दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्क्यांच्या खाली जाणार नाही, एवढा आधार देण्याचे बंधन पती त्यावर सही करून स्वीकारतो. पत्नी नागरिक होईपर्यंत, किंवा तिच्या खाती ४० तिमाहींचे म्हणजे सुमारे दहा वर्षांचे काम जमा होईपर्यंत, सर्वसाधारणतः हे बंधन टिकते. विशेष म्हणजे घटस्फोटाने ते संपत नाही. लग्नाच्या बैठकीत मानपानाच्या यादीतील प्रत्येक ओळ तपासणारी आपली मंडळी, मुलीच्या उपजीविकेशी थेट संबंध असलेला हा एकमेव लेखी करार मात्र न वाचताच सोडून देतात!

व्हिसा हाती आला म्हणजे सारे संपले, हाही एक भ्रमच आहे. अमेरिकेत पाऊल ठेवण्याच्या दिवशी विवाहाला दोन वर्षे पूर्ण झालेली नसतील, तर मिळणारा निवास सशर्त असतो आणि त्याची मुदत दोन वर्षांची असते. येथे गणना मुलाखतीच्या तारखेवरून होत नाही, प्रवेशाच्या तारखेवरून होते. म्हणूनच लग्नाचा दुसरा वाढदिवस जवळ आला असेल तर, व्हिसाच्या मुदतीत बसत असल्यास, प्रवास काही दिवस पुढे ढकलणे शहाणपणाचे ठरते. सशर्त निवास मिळालेल्या दांपत्याला मुदत संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत ती अट काढून टाकण्यासाठी संयुक्त अर्ज करावा लागतो. तो केला नाही तर पत्नीचा निवासहक्कच संपुष्टात येतो.

ही तरतूद १९८६ च्या कायद्याने आली. केवळ प्रवेशासाठी रचलेल्या खोट्या विवाहांना पायबंद घालणे हा तिचा हेतू होता आणि तो गैर म्हणता येणार नाही. आपल्या देशात कोणी कायमचे राहावे हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक राष्ट्राला आहे. परंतु हेतू रास्त असला म्हणून परिणामही रास्तच होतो असे नाही. संयुक्त अर्जाला दोन सह्या लागतात आणि ज्याची सही दुर्मिळ, त्याच्या हाती सौद्याची शक्ती जाते, हा अर्थशास्त्राचा साधा सिद्धांत संसारालाही लागू पडतो. नवख्या देशात, माहेरापासून हजारो मैलांवर, स्वतःचे उत्पन्न नसलेल्या स्त्रीला ‘सही करणार नाही’ एवढे तीन शब्द धाकात ठेवण्यास पुरेसे होतात.

या धाकाला उत्तर कायद्यातच आहे. प्रामाणिकपणे केलेला विवाह घटस्फोटाने संपला असेल, पतीकडून छळ झाला असेल अथवा परत पाठविल्याने पराकोटीचे हाल होणार असतील, तर पत्नी एकटीनेही अर्ज करू शकते. छळ झालेल्या पत्नीसाठी ही सवलत १९९० मध्ये देण्यात आली; पुढे १९९४ च्या कायद्याने, मूळ अर्ज पतीने केलाच नाही तरी अशा पत्नीला स्वतःचा अर्ज करण्याची वाट मोकळी झाली. तथापि एकटीने अर्ज करावयाचा म्हटले की पुन्हा प्रश्न पुराव्याचाच येतो. दोघांच्या नावाचा घराचा भाडेकरार, संयुक्त बँकखाते, कराची विवरणपत्रे हे सारे जर पतीच्याच कपाटात असेल, तर कायद्याने दिलेला हक्क तिने वापरावा कसा?

म्हणून या प्रश्नाचे अर्धे उत्तर वॉशिंग्टनमध्ये असले, तरी उरलेले अर्धे सोलापूर-साताऱ्याच्या घरांतच शोधावे लागेल. महाराष्ट्रात विवाहनोंदणीसाठी १९९८ चा अधिनियम आहे; सर्वोच्च न्यायालयानेही २००६ मध्ये विवाहनोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले. असे असूनही नोंदणी हा व्हिसासाठी ऐनवेळी उरकण्याचा उपचार मानला जातो. ती लग्नापाठोपाठ व्हावी. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असे कोणताही कायदा सांगत नाही, हे मुलीला आणि तिच्या सासरच्यांनाही ठाऊक असावे. हमीपत्रासह संपूर्ण अर्जाची एक प्रत तिच्या स्वतःच्या ताब्यात आणि दुसरी माहेरी असावी. सशर्त निवासाची अखेरची तारीख तर तिला स्वतःच्या जन्मतारखेसारखी पाठ असली पाहिजे.

नवऱ्या मुलाचा पगार, त्याचे घर, त्याची गाडी यांची चौकशी आपण अगत्याने करतो. त्या घरात मुलीचे कायदेशीर स्थान काय असेल आणि ते किती काळ दुसऱ्याच्या सहीवर अवलंबून राहील, ही चौकशी अधिक निकडीची आहे. ती लग्नाच्या बैठकीत करणे अनेकांना अप्रशस्त वाटेल. परंतु बैठकीत टाळलेला हा प्रश्न पुढे त्या मुलीला परक्या देशात एकटीने सोडवावा लागतो, याचे भान आईवडिलांनी ठेवावयास हवे.