काळजी घेणे आणि काळजी करणे

व्यापार म्हणजे उद्याशी केलेला व्यवहार होय. आज माल भरावयाचा तो उद्याच्या गिऱ्हाइकासाठी आणि आज उधारी द्यावयाची ती पुढल्या वसुलीच्या भरवशावर. तेव्हा व्यापाऱ्याने उद्याचा विचारच करू नये, असा उपदेश करणाऱ्याने कधी गल्ल्यावर बसून पाहिलेले नसावे. परंतु आपल्या मराठी भाषेने या बाबतीत एक सूक्ष्म भेद करून ठेविला आहे. दिवसा आपण पेढीची, मालाची, मुलाबाळांची काळजी घेतो. आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांचीच काळजी करतो. शब्द एकच, पण एकीने हात कामाला लागतात, तर दुसरीने झोप उडते.

हा भेद प्रत्यक्ष पाहावयाचा असेल, तर आपल्याच एका समानधर्मी व्यापाऱ्याचे आत्मचरित्र वाचावे. कविवर बनारसीदास यांचा जन्म १५८६ मध्ये जौनपूर येथे एका श्रीमाळ जवाहिऱ्याच्या घरी झाला. १६४१ मध्ये त्यांनी आपली जीवनकथा पद्यात लिहिली. मनुष्याचे आयुष्य ११० वर्षांचे धरून पंचावन्नाव्या वर्षी लिहिलेली ती कथा, म्हणून तिचे नाव ‘अर्धकथानक’. पं. नाथूराम प्रेमी यांनी १९४३ मध्ये ती मुंबईहून प्रसिद्ध केली.

१६०५ च्या ऑक्टोबरात आग्र्यास अकबर बादशहा निवर्तला. ती वार्ता जौनपुरास पोहोचली तेव्हा एकोणीस वर्षांचे बनारसीदास घराच्या जिन्यावर बसले होते. ऐकताच त्यांना घेरी आली, ते खाली कोसळले आणि कपाळ फुटून रक्त वाहू लागले. आईने कापड जाळून जखमेत भरले. इकडे गावात तर हाहाकार उडाला. दुकाने बंद झाली, घरांची दारे लागली. सावकारांनी दागिने व भारी वस्त्रे जमिनीत पुरली, रोकड लपविली. चांगले कपडे टाकून जाडेभरडे अंगावर घातले. घरोघरी शस्त्रे गोळा झाली. आणि चोर-दरोडेखोर म्हणाल, तर एकही कोठे दृष्टीस पडला नाही! दहा दिवस हा प्रकार चालला. मग आग्र्याहून पत्र आले, की सलीम जहांगीर या नावाने तख्तावर बसला असून सर्व कुशल आहे. लोकांनी पुरलेले उकरून काढले व दुकाने उघडली.

या व्यापाऱ्यांस आपण हसू नये. १५९८ च्या सुमारास त्याच गावी अधिकाऱ्याने जवाहिऱ्यांना कोंडून फटके मारविले होते, आणि बनारसीदासांच्या पित्याला कुटुंब घेऊन परागंदा व्हावे लागले होते. ज्याने एकदा पोळून घेतले त्याने दारे लावली, यात गैर काय? ती काळजी घेणेच होते. परंतु जिन्यावरून पडणाऱ्या तरुणाला अद्याप कोणीही हात लाविलेला नव्हता. त्याला पाडले ते मनातल्या उद्याने.

आणि पुढे झाले काय? काही वर्षांनी पित्याने रत्ने, तूप, तेल व जौनपुरी कापड देऊन त्यांना आग्र्यास धाडले. तेथे इजारीच्या नाडीत बांधलेली रत्ने नाडी तुटून हरवली, इतर मालात खोट आली, भांडवल संपले. राज्यक्रांतीच्या धास्तीने रक्त सांडले ती आली नाही. आली ती तुटकी नाडी, जी कोणाच्याच भयाच्या यादीत नव्हती. अशा दिवसांत ते एका कचोरीवाल्याकडे उधारीवर जेवू लागले. एके दिवशी त्यांनी त्याला स्वच्छ सांगितले, की माझ्यापाशी पैसा नाही, मला उधार देऊ नकोस. तो म्हणाला, वीस रुपयांपर्यंत खुशाल खा. मला हा प्रसंग सर्व ग्रंथात फार मोलाचा वाटतो. घरात पुरलेल्या दागिन्यांनी नव्हे, तर खरे बोलण्याने त्यांना त्या महिन्यांत अन्न मिळाले.

आपल्या आचार्यांनी या रोगाचे निदान पूर्वीच केले आहे. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आर्तध्यानाचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांतील शेवटचा पुढील भोगांच्या लालसेचा आहे. पुढील हानीचे भय हे तिचेच जुळे भावंड, असे मला वाटते. उपाय म्हणून आपण सामायिकाकडे बोट दाखवितो. ४८ मिनिटे समभावाने बसणे हे थोर साधन खरेच, पण आसनावर बसूनही बाजारभाव मोजणारे पुष्कळ असतात, आणि त्यांत प्रस्तुत लेखकही अनेकदा सापडला आहे. त्यामानाने परिग्रह-परिमाण हे व्रत रोकड्या उपयोगाचे आहे. शेत, घर, सोने, धान्य इतकेच, यापुढे नाही, असे एकदा ठरले की चिंतेला कोठे थांबावयाचे ते कळते. ज्याने ‘पुरे’चा आकडा मांडलाच नाही, त्याला कितीही मिळाले तरी गमावण्याचे भय नव्या आकड्यापासून पुन्हा सुरू होते.

बनारसीदास पुढे अध्यात्माकडे वळले. १६३६ मध्ये त्यांनी ‘समयसार नाटक’ रचले. संसारात त्यांनी नऊ अपत्ये गमाविली. आत्मचरित्राच्या अखेरीस त्यांनी जमाखर्चाप्रमाणे आपले गुण व दोष दोन्ही मांडले आहेत. त्या दोषांत एक नोंद अशी आहे, की आपल्याला कधी कधी अकस्मात फार भय वाटते. जौनपूरच्या त्या जिन्याला तेव्हा ३६ वर्षे झाली होती.