आठशे डॉलरचं घरगुती थिएटर

मंडळी, गेल्या वर्षभरात मंडळाच्या कार्यक्रमांमध्ये निदान सात-आठ जणांनी मला बाजूला घेऊन विचारलं आहे, "काय हो, तुम्ही म्हणे घरी थिएटर केलंत! किती पडले?" दर वेळी मी जेवणाच्या रांगेत, हातात थर्माकोलची थाळी घेऊन, काहीतरी अर्धवट सांगतो आणि श्रीखंडापाशी पोचलो की विषय तिथेच राहतो. म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो. मी या धंद्यातला नाही. पोटापाण्यासाठी पुलांची गणितं करतो. त्यामुळे पुढे जे लिहिलं आहे ते एका गिऱ्हाइकाचं ज्ञान आहे, आणि त्यातलं बरंचसं पैसे घालवून मिळवलेलं आहे.

सुरुवात झाली ती आईमुळे. दोन वर्षांपूर्वी ती साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली. वय अठ्ठ्याहत्तर. सिनेमा-नाटकाची जबरदस्त आवड. पण रात्री जेवणं झाली, आम्ही सगळे टीव्हीपुढे बसलो, की दहा-पंधरा मिनिटांत ती उठायची. "तुम्ही बघा रे, मी जरा पडते." मला वाटलं, दमत असेल, परका देश, वेगळी हवा. एकदा माझ्या मुलीने तिला खोलीत जाऊन विचारलं, तेव्हा खरं कारण कळलं. "आवाज येतो गं, पण बोलणं कळत नाही. तुम्ही हसता तेव्हा मी नुसती तुमच्या तोंडाकडे बघत बसते."

त्या दिवसापासून मी आवाज वाढवायला लागलो. संवाद जेमतेम कळू लागावेत इतका वाढवला की पुढच्या प्रसंगात गाणं किंवा मारामारी यायची आणि बायको रिमोटवर झडप घालायची. आमचा ५५ इंची नवा टीव्ही चित्राला नंबर एक. पण त्याच्या आधीचा, दोघांनी उचलावा लागणारा जाडजूड टीव्ही बोलण्याला जास्त स्पष्ट होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

याचं कारण साधं आहे. आवाज म्हणजे हवा हलवणं, आणि हवा हलवायला पडदा लागतो, त्यामागे पोकळी लागते. दोन बोटं जाडीच्या टीव्हीत ती आणायची कुठून? बारकेसे स्पीकर खालच्या कडेला किंवा पाठीमागे तोंड करून बसवलेले असतात. नट तुमच्याकडे बघून बोलतो आणि त्याचा आवाज भिंतीवर, टेबलावर आपटून तुमच्यापर्यंत पोचतो. त्यात वयोमानाने कान जातो तो सहसा आधी वरच्या पट्टीतला. स्वर खालच्या पट्टीत आणि दणकट असतात, ते ऐकू येतात. 'स', 'श', 'फ'सारखी व्यंजनं वर असतात आणि मुळातच क्षीण असतात, ती गळतात. मग कोणीतरी बोलतंय हे कळतं, काय बोलतंय ते कळत नाही. आवाज वाढवला की स्वर वाढतात आणि व्यंजनं त्यांच्याखाली आणखीच दबतात.

आता त्या '५.१' या आकड्याकडे येऊ. १९९२ साली 'बॅटमन रिटर्न्स'बरोबर डॉल्बी डिजिटल थिएटरांत आलं आणि १९९७ मध्ये अमेरिकेत डीव्हीडी निघाल्यावर तेच घराघरांत शिरलं. पाच म्हणजे समोर डावा, उजवा आणि मधला, शिवाय बसणाऱ्याच्या बाजूला किंचित मागे दोन. पॉइंट एक म्हणजे सबवूफर. तो फक्त ढगांचा गडगडाट वगैरे खालच्या आवाजांपुरता, म्हणून त्याला पूर्ण आकडा दिलेला नाही. या सहांपैकी कुठला महत्त्वाचा, असं दुकानात विचारलंत तर सबवूफर दाखवतील, कारण त्याने खुर्ची हलते आणि गिऱ्हाईक खूश होतं. खरा कर्ता पुरुष मधला. चित्रपटातलं बहुतेक सगळं बोलणं त्या एका वाटेने येतं. टीव्हीचे स्पीकर दोनच असल्यामुळे त्याला ही मधली वाट गाणी आणि गोंगाटाबरोबर त्याच दोघांत कोंबावी लागते. आईला हवा होता तो हा मधला स्पीकर, वेगळा, आणि तिच्याकडे तोंड केलेला.

घरात आठशे डॉलर मंजूर झाले. "आणि बैठकीच्या खोलीत वायरी लोंबता कामा नयेत," ही अट.

इथे माझी जुनी चूक सांगायला हवी. २००३ साली मी एका मोठ्या दुकानातून सगळं एकाच खोक्यात मिळतं तसा संच आणला होता. पाच छोटे स्पीकर, एक सबवूफर आणि मधोमध डीव्हीडीचं यंत्र, त्याच्याच पोटात अँप्लिफायर. तीन वर्षांनी डीव्हीडीचा कप्पा उघडेना. दुरुस्तीचा खर्च नव्या संचाएवढा सांगितला. म्हटलं, निदान स्पीकर तरी वापरू. तर त्यांच्या पिना त्या यंत्रापुरत्याच केलेल्या, दुसऱ्या कशात जाईनात. एक दात किडला म्हणून सगळी बत्तीशी टाकावी तसं ते धूड मी कचऱ्याच्या दिवशी रस्त्याच्या कडेला ठेवलं. तेव्हापासून माझा नियम असा की रिसीव्हर वेगळा, स्पीकर वेगळे, आणि स्पीकरला साधी उघडी तांब्याची तार लागली पाहिजे. मग एक वस्तू गेली तर एकच बदलावी लागते. हल्ली खोक्यातून मिळणाऱ्या काही संचांत खराखुरा रिसीव्हर आणि साध्या तारांचे स्पीकर असतात. तसा मिळाला तर खुशाल घ्या.

साउंडबारबद्दल सगळे विचारतात. तुम्ही अपार्टमेंटमध्ये असाल, दोन वर्षांत घर बदलणार असाल, तर तो जरूर घ्या, त्यात कमीपणा नाही. फक्त मधल्या वाटेसाठी त्यात स्वतंत्र स्पीकर आहे ना, हे बघून घ्या; खोक्यावर ३.१ किंवा ५.१ लिहिलेलं असतं. २.१ घेतलात तर संगीताला बरं वाटेल, पण बोलण्याची रड बरीचशी तशीच राहील.

आमचा हिशेब असा झाला. रिसीव्हर मागच्या वर्षीच्या मॉडेलचा, कंपनीने तपासून परत विकायला काढलेला, वॉरंटीसकट ३०० डॉलर. समोरची डावी-उजवी जोडी १६०. मधला १२०. सबवूफर १५०. तारा वगैरे ३०. झाले ७६०. मागचे दोन स्पीकर मंडळातल्याच एका गृहस्थांनी मूव्हिंग सेलमध्ये ५० डॉलरला दिले. वर गेलेले दहा डॉलर मी किराणात दाखवले. समोरचे तिन्ही एकाच कंपनीच्या एकाच मालिकेतले घ्या, ही एक गोष्ट मात्र पाळा. नाहीतर नट डावीकडून उजवीकडे चालत गेला की मध्येच त्याचा घसा बसल्यासारखा वाटतो. मागचे कसलेही चालतात आणि नंतर घेतले तरी चालतात. छतातून पाऊस पाडणारी ॲटमॉसची भानगड पहिल्या खरेदीत नको.

वॅटच्या आकड्यांना भुलू नका. खोक्यावर हजार वॅट लिहिलेलं असतं, ते सगळ्या वाटांची बेरीज करून. रिसीव्हरच्या माहितीपत्रकात दोन वाटा एकदम चालू असताना, २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत किती वॅट, ही ओळ शोधा. ती त्यातल्या त्यात प्रामाणिक असते. वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला वॅट दसपट लागतात. स्पीकरवर ८८ डेसिबल असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ एका वॅटला, एक मीटरवर एवढा आवाज. साधं बोलणं साठच्या आसपास असतं. म्हणजे संध्याकाळी घरात सिनेमा बघताना आपण बहुतेक वेळ एक-दोन वॅटच वापरत असतो.

जुना रिसीव्हर गराज सेलमध्ये चाळीस डॉलरला दिसतो, तोही टाकाऊ समजू नका. टीव्हीतून आवाज उलट रिसीव्हरकडे आणणारी एआरसी नावाची सोय एचडीएमआयमध्ये २००९ साली आली. त्याआधीच्या यंत्रांत ती नसते. पण ऑप्टिकल तारेचं भोक दोन्हीकडे असेल तर डॉल्बी डिजिटलचं ५.१ त्यातूनही येतं. मात्र टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'पीसीएम' असेल तर ते बदलून 'बिटस्ट्रीम' किंवा 'ऑटो' करा. मी हे केलं नव्हतं. चार दिवस मागच्या स्पीकरला कान लावून बसलो होतो आणि ते बिघडलेत समजून त्या गृहस्थांबद्दल मनात नाही नाही ते आणत होतो.

आता मांडणी. माझ्या मते निम्मा पैसा इथे वसूल होतो आणि तिला खर्च काही नाही. मधला स्पीकर टीव्हीखालच्या कप्प्यात आत ढकलू नका. कप्पाच घुमायला लागतो आणि बोलणं हंड्यातून आल्यासारखं येतं. तो फळीच्या अगदी कडेपर्यंत पुढे ओढा. आणि तो गुडघ्याच्या उंचीवर असेल तर पुढून किंचित उचला. मी रबराचे दोन दाराचे अडसर खाली सरकवले, दोन डॉलरचे. तेवढ्याने त्याचं तोंड गुडघ्यांऐवजी कानांकडे झालं, आणि फरक मला नव्हे, आईला आधी कळला. तारा जोडताना लाल ते लाल, काळी ते काळी हे तीनदा तपासा. एकाची उलटी लागली तर खालचा आवाज पातळ होतो. बाजूचे दोन कानाच्या रेषेत किंवा थोडे मागे, बसल्या उंचीपेक्षा जरा वर. सोळा गेजची साधी तांब्याची तार पुरते. सोन्याचा मुलामा दिलेल्या महाग तारांना माझा नमस्कार.

सबवूफरची जागा शोधण्याची एक गमतीदार रीत आहे. साधारण ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठल्या दिशेने येतो हे कानाला नीट कळत नाही, म्हणून तो खोलीत कुठेही ठेवता येतो. पण कुठेही सारखा ऐकू येत नाही. आमची खोली १४ फूट रुंद. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी २८ फूट. तिचा अर्धा भाग भिंतीपासून भिंतीपर्यंत चपखल बसतो आणि ती लाट भिंतींशी दणदणते, मधोमध जवळजवळ गायब होते. पुलांच्या कामात हे असले प्रकार आम्ही टाळायला बघतो. तर रीत अशी, की सबवूफर सोफ्यावर आपल्या जागी ठेवायचा, ढोलकी किंवा तबला असलेलं गाणं लावायचं आणि आपण भिंतीकडेने रांगत फिरायचं. जिथे ठोका स्वच्छ आणि एकसारखा येईल तिथे सबवूफर ठेवायचा. मी हे करत असताना आई चहा घेऊन आली. सोफ्यावर यंत्र बसलेलं आणि मुलगा खाली रांगतोय, हे पाहून तिने काही विचारलं नाही, कप टीपॉयवर ठेवून गेली. अपार्टमेंटमध्ये खाली कोणी राहत असेल तर सबवूफर सध्या राहू द्या, शेजारधर्म सांभाळा.

शेवटी रिसीव्हरबरोबर येणारा मायक्रोफोन बसण्याच्या जागी कानाच्या उंचीवर ठेवून आपोआप जुळवणी करून घ्या, आणि नंतर मधल्या स्पीकरची पातळी हाताने ३ डेसिबल वाढवा. रात्री पाहताना मोठे आवाज दाबून बारीक उचलणारी सोय असते, ती चालू करा. रिमोटवरच्या झडपा त्या दिवसापासून थांबल्या.

जुन्या मराठी चित्रपटांचं काय, असं एकांनी विचारलं. ते बहुतेक मोनो, म्हणजे एकाच वाटेचे. दोन्ही बाजूंना तोच आवाज असेल तर रिसीव्हरमधली डॉल्बी सराउंडची सोय तो उचलून मधल्या स्पीकरला देते. तेव्हा जुनं काही बघायचं असेल तर पाच स्पीकरांपैकी कामाला एकटा तोच. १२० डॉलर तिथे का घातले ते आता लक्षात येईल.

पहिल्या रात्री आम्ही आईच्या आवडीच्या एका जुन्या नाटकाचं चित्रीकरण लावलं. आई शेवटपर्यंत बसली. दुसऱ्या अंकात ती एकदम म्हणाली, "अरे, प्रॉम्प्टर ऐकू येतोय!" आम्ही पाचव्यांदा ते नाटक बघत होतो, कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. पुन्हा मागे नेऊन बघितलं, आणि खरंच, विंगेतून कोणीतरी वाक्य पुरवत होतं.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. टीव्हीपुढे आता सगळं कळत होतं, आणि त्यामुळेच जेवणाच्या टेबलावर किती कळत नाही ते उघडं पडलं. तोपर्यंत आम्ही सगळा दोष टीव्हीवर टाकून मोकळे होतो. साताऱ्याला परतल्यावर तिने कान तपासून घेतले आणि आता दोन्ही कानांना यंत्रं आहेत. तुमच्या घरी कोणी वडीलधारे टीव्हीपुढून लवकर उठत असतील तर स्पीकर अवश्य घ्या, पण कानाच्या डॉक्टरांची वेळही त्याच आठवड्यात घ्या.

साताऱ्याच्या घरातला टीव्ही तसाच, भिंतीला चिकटलेला, पाठीमागे बोलणारा. इथला रिसीव्हर आणि सबवूफर १२० व्होल्टचे, ते तिथल्या २३० व्होल्टवर लावायचे नाहीत. साध्या स्पीकरला मात्र विजेची जोडणीच नसते, तो कुठल्याही देशात चालतो. येत्या डिसेंबरात जातो आहे. रिसीव्हर आणि बाजूची जोडी पुण्यात घेईन. मधला दुसरा एक इथूनच घेतला आहे. बॅगेत ठेवून वजन केलं, अकरा पौंड. त्याच्याभोवती आईच्या शाली गुंडाळल्या आहेत, आणि रबराचे दोन अडसर आठवणीने वरच्या खिशात टाकले आहेत.