बारा व्होल्टचा चटका

घरातल्या बटणाला ओल्या हाताने शिवायला आपण घाबरतो. गाडीच्या बॅटरीला मात्र कोणी घाबरत नाही. तिच्या दोन्ही टर्मिनलांवर दोन हात ठेवले तरी काही जाणवत नाही. त्यामुळे ‘बाराच्या करंटने काय होतंय?’ हे वाक्य गॅरेजपासून उसाच्या फडापर्यंत सगळीकडे ऐकू येते. वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे.

कोरड्या त्वचेचा विद्युतरोध मोठा असतो. तो १० हजार ओहम धरला, तर १२ व्होल्टचा दाब शरीरातून जेमतेम सव्वा मिलिअँपिअर प्रवाह ढकलू शकतो. हात घामाने भिजलेले असतील तर फार तर झिणझिण्या येतील. पण त्याच दोन टोकांमध्ये पाना, पक्कड किंवा हातातले कडे आले, की रोध ओहमच्या हजाराव्या भागांत मोजावा लागतो आणि बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर देते. स्टार्टर फिरवायचा म्हणून ती तशीच बनवलेली असते. साध्या घराचा सगळा भार ३०-४० अँपिअरच्या आत असतो, हे लक्षात घेतले तर या आकड्याचा अंदाज येईल. येथे शॉक बसत नाही, धातू तापतो.

गळीत हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरला जादा दिवे, भोंगा, टेप बसवण्याची घाई होते. रात्री दोन ट्रॉल्या ओढायच्या तर उजेड हवाच, त्यात गैर काही नाही. याच दिवसांत आमच्या शासकीय रुग्णालयात बोट भाजलेले तरुण येतात. गोष्ट बहुतेक वेळा एकच असते. प्लस टर्मिनलवर पाना लावलेला, बोटात अंगठी, आणि ती अंगठी पाना व गाडीचे लोखंड यांच्यामध्ये सापडलेली. दोन-तीन सेकंद पुरतात. बोटाभोवती अंगठीच्या मापाचा पांढुरका पट्टा उठतो. ‘दुखत नाही डॉक्टर, किरकोळ आहे’ असे रुग्ण सांगतो, तेव्हा आम्हाला जास्त काळजी वाटते. न दुखणारे भाजणे खोल असते, कारण तिथले मज्जातंतूही जळालेले असतात. शिवाय जखम बोटाभोवती पूर्ण गोल असल्याने सूज आली की पुढच्या भागाचा रक्तपुरवठा आवळला जातो. वेळ गेला तर बोट हातचे जाऊ शकते.

अशा वेळी वाहत्या साध्या पाण्याखाली हात २० मिनिटे धरावा. अंगठी गार झाल्यावर आणि सूज चढण्यापूर्वी काढावी. कातडीला चिकटली असेल तर ओढू नये. टूथपेस्ट, हळद, शाई आणि गॅरेजमधले ग्रीस यांचे लेप काढण्यातच आमचा निम्मा वेळ जातो.

अंगठी, कडे, घड्याळ खिशात ठेवूनच कामाला हात घालावा. दिवे आणि किल्ली बंद करावी, मग आधी निगेटिव्ह तार सोडावी आणि काम झाल्यावर ती शेवटी जोडावी. निगेटिव्ह गाडीच्या अंगाला जोडलेली असते. ती सुटली, की प्लसवरचा पाना बॉडीला लागला तरी मंडल पूर्ण होत नाही.

या क्रमाला दुसरेही एक कारण आहे. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्के झाले की एक ठिणगी पुरते. टोपण उडते आणि सल्फ्युरिक आम्ल तोंडावर येते. नुकत्याच चार्जिंगवरून काढलेल्या बॅटरीवर वाकू नये. त्यातले पाणी पाहायला काडी पेटवणारे महाभाग अजूनही आहेत! आम्ल डोळ्यात गेले तर दवाखान्याकडे धावण्याआधी पाणी. पापण्या बोटांनी उघड्या धरून, मिळेल त्या स्वच्छ पाण्याने किमान २० मिनिटे डोळा धुवावा. खाण्याच्या सोड्याने टर्मिनल साफ करणे योग्य, डोळा धुणे नव्हे. रुमालाने दाबलेला कोरडा डोळा घेऊन तासाभराचा प्रवास करून आलेल्या रुग्णासाठी डोळ्यांच्या डॉक्टरांच्या हातात फारसे काही उरत नाही.

आता तारेकडे वळू. ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे म्हणजे ११० वॅट. भागिले १२, म्हणजे सुमारे ९ अँपिअर. एलईडीला प्रवाह कमी लागतो, पण मग माणूस दोनाऐवजी सहा बसवतो, म्हणून बेरीज करावीच. ९ अँपिअरसाठी १५ अँपिअरचा, निळ्या रंगाचा फ्यूज आणि अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार पुरे. फ्यूज दिव्याला वाचवतो असा समज आहे. तो वाचवतो तारेला. तार कुठे पत्र्यावर घासून उघडी पडली, की बॅटरीचा सगळा जोर तिच्यातून वाहतो आणि ती शेगडीच्या कॉइलसारखी तापते. म्हणून फ्यूजची जागा दिव्याजवळ नसून प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत आहे. बॅटरी ते फ्यूज एवढ्या तुकड्याला कोणीच राखणदार नसतो. तो जितका आखूड तितका बरा. फ्यूज पुन्हा पुन्हा जात असेल तर दोष शोधावा. तिथे तांब्याचा तुकडा किंवा सिगारेटची चांदी घालणारा गाडी पेटवण्याची सोयच करून ठेवतो.

नऊ अँपिअर थेट डॅशबोर्डवरच्या बटणातून नेले तर बटण वितळते. त्यासाठी रिले असतो. बटणातून पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह जातो आणि मोठा प्रवाह रिले सांभाळतो. रिलेच्या पायांवर आकडे असतात: ३० ला फ्यूजमधून आलेली बॅटरीची तार, ८७ ला दिवा, ८६ ला बटण, ८५ ला अर्थ. बटणाची तार किल्ली चालू असतानाच वीज मिळेल अशा ठिकाणाहून घ्यावी.

मला सर्वांत भीती वाटते ती पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेल्या जोडाची. इंजिनच्या उष्णतेने पट्टी सुटते, जोड सैल होतो आणि सैल जोड तापतो. या वेळी प्रवाह वाढलेलाच नसतो, त्यामुळे फ्यूज काही करत नाही. थिंबल नीट दाबून त्यावर आकसणारी नळी चढवायला दहा मिनिटे लागतात. तार पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबराचे बूच हवे, आणि सायलेन्सरपासून तिला लांब ठेवावे. इलेक्ट्रिक मोटारीत नारिंगी तारांना हात लावू नये. त्यात शेकडो व्होल्ट असतात आणि तिथे ‘काय होतंय’ हा प्रश्न विचारायला माणूस उरत नाही.

दिवा बसवल्यावर त्याचा झोत खाली वळवावा, एवढे समोरून येणाऱ्याच्या वतीने सांगतो. ताशी ६० किलोमीटर वेगाने तो एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे येतो आणि दिपलेले डोळे सावरायला काही सेकंद लागतात. चाळिशी-पन्नाशीनंतर त्याहून जास्त.

इतके करूनही केबिनमध्ये जळका वास आला, तर गाडी बाजूला घेऊन किल्ली बंद करावी आणि सर्वांनी उतरून दूर व्हावे. धूर येत असताना बॉनेट सताड उघडू नये. आत हवा शिरली की आग भडकते. तारांचे प्लॅस्टिक जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन क्लोराइड बाहेर पडतात. पहिला वायू रक्तातल्या ऑक्सिजनची जागा बळकावतो, दुसरा श्वासनलिका पोळतो. माणूस बाहेर येऊन चहा पितो, ठीक दिसतो आणि काही तासांनी घसा सुजून श्वास अडकतो. नाकात काजळी, घोगरा आवाज किंवा खोकल्यातून काळपट थुंकी दिसली, तर अंगावर फोड नसला तरी रुग्णालय गाठावे. १०८ ला फोन करताना नुसते ‘भाजले आहे’ असे न सांगता, बंद जागेत धूर नाकातोंडात गेला आहे हेही सांगावे.